मेकॅनिकल इंजिनिअरिंग म्हणजे नक्की काय? हडंब्याच्या पुलीपासून समजून घेऊ

दहावीचा निकाल लागला की माझा फोन पंधरा दिवस शांत बसत नाही. मी मूळचा शिरूर अनंतपाळचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला. सध्या लातूरच्या एमआयडीसीत मशिनरी दुरुस्तीची कामं घेतो आणि शनिवारी गावी जातो. त्यामुळं गावातल्या प्रत्येक बापाला वाटतं की या माणसाला विचारलं म्हणजे पोराच्या आयुष्याचं कोडं सुटलं.

या वेळी आमच्या गल्लीतले एक काका आले. पोराला दहावीला ७८ टक्के पडलेत. पोराला मेकॅनिकलला जायचंय आणि काकांच्या डोळ्यांत भीती. "अरे, मेकॅनिकलला काही स्कोप राहिला का? सगळे म्हणतेत कॉम्प्युटरला टाक. फी भरायला यंदाचं सोयाबीन जाणार आहे, उगं चुकायला नको."

लातूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना क्लासेस आणि नीट आठवतं. आपल्याकडं हुशार पोरगं डॉक्टर होणार, थोडं कमी हुशार कॉम्प्युटरला जाणार, आणि कुठंच जमलं नाही की "टाका मेकॅनिकलला". ही शाखा शिकवते काय आणि पुढं काम काय असतं, हे मात्र कुणी धड सांगत नाही. काकांना मी जे सांगितलं तेच इथं लिहितोय. सुरुवात पुस्तकातल्या व्याख्येपासून न करता हडंब्यापासून करतो.

आमच्या सोयाबीनची गोष्ट

हडंबा म्हणजे ट्रॅक्टरवर चालणारं मळणी यंत्र. मराठवाड्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास शेताशेतात त्याचाच आवाज असतो. २००७ च्या दिवाळीत आमचं सोयाबीन असंच काढलं. त्यातलं दोन कट्टे चांगलं दिसणारं बाबांनी पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवलं. जून २००८ ला पेरलं. पाऊस चांगला होता, ओल चांगली होती, पण रानात रोपं तुरळक. आठ दिवसांनी सगळं मोडून दुबार पेरणी केली, आणि बियाणं विकत आणायला हातउसने पैसे घ्यावे लागले. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात जाणार होतो. उरलेल्या बियाण्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. पाचव्या दिवशी उघडलं तर ४१ उगवलेले. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला उगवण कमीत कमी ७० टक्के लागते. म्हणजे दोष पावसाचा नव्हता, दाण्याचा होता. आणि दाणा दिसायला तर चांगला होता!

सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं आणि अंकुर सालीला अगदी लागून असतो. मळताना जोराचा मार बसला की सालीला केसासारख्या भेगा पडतात. डोळ्याला दिसत नाहीत. असा दाणा तेलाच्या गिरणीला चालतो, पेरायला चालत नाही. कृषी खात्याची माणसं म्हणूनच सांगतात की बियाण्याचं सोयाबीन मळताना ड्रमचे फेरे कमी ठेवा, मिनिटाला चारशेच्या आसपास.

मी मशीनवाल्या मामांकडं गेलो आणि पुल्या मोजल्या. ट्रॅक्टरच्या पीटीओचे फेरे ठरलेले असतात, मिनिटाला ५४०. त्या शाफ्टवर १० इंची पुली, ड्रमवर ९ इंची. गणित आठवीच्या पोराला येईल असं आहे: ५४० गुणिले १० भागिले ९, बरोबर ६००. म्हणजे ड्रम मिनिटाला ६०० फेरे मारत होता. मामांनी मुद्दामच लहान पुली बसवली होती, कारण त्यांना पैसे कट्ट्यावर मिळायचे.

"अरे लेकरा, दिवसाला जास्तीचे कट्टे निघाले नाहीत तर डिझेलसुद्धा सुटत नाही," मामा म्हणाले. त्यांच्या जागी ते बरोबर होते.

आता ४०० आणि ६०० मध्ये फरक किती? तुम्ही म्हणाल दीडपट. वेग दीडपट, हे खरं. ड्रमचा व्यास ५० सेंटिमीटर धरला तर ६०० फेऱ्यांना त्याचा काठ तासाला सुमारे ५६ किलोमीटरनं पळतो, ४०० ला सुमारे ३८ नं. पण माराची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. दीडाचा वर्ग सव्वादोन. म्हणजे प्रत्येक दाण्याला सव्वादोन पट मार बसत होता. वर्गात हे सूत्र मी दहा वेळा लिहिलं असेल. त्याचा अर्थ मला बाबांच्या मोडलेल्या रानात कळला.

उपाय सोपा वाटला: ड्रमची पुली मोठी करायची. १३.५ इंची बसवली की ५४० गुणिले १० भागिले १३.५, बरोबर ४००. लातूरहून पुली आणली, पुढच्या हंगामात बसवली, मशीन चालू केलं आणि अर्ध्या तासात मामांनी मला झापलं. दाण्यात सगळी गुळी येत होती. कारण पंख्याला गती ड्रमच्याच शाफ्टवरून मिळत होती. ड्रमच्या बाजूला ९ इंची पुली, पंख्याला ६ इंची. आधी पंखा ९०० नं फिरायचा, आता ६०० वर आला. वारा कमी पडला, गुळी उडेना.

मग मी हुशारी केली. पंख्याला ४ इंची पुली लावली: ४०० गुणिले ९ भागिले ४, परत ९००. गणित एकदम बरोबर. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा जळल्याचा वास.

कॉलेजला जाऊन मशीन डिझाइनच्या सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, व्ही-बेल्टला पुलीचा किमान व्यास असतो, ते पान उघडून बघितलं का? आमच्या मशीनला बी सेक्शनचा पट्टा होता आणि त्याला साधारण ५ इंचांच्या खाली जायचं नसतं. लहान पुलीवर पट्टा जास्त वाकतो, पुलीला कमी चिकटतो, घसरतो, तापतो. मग उलटं केलं. पंख्याची पुली ६ इंचीच ठेवली आणि ड्रमच्या शाफ्टवरची, पंख्याला चालवणारी पुली १३.५ इंची केली. ४०० गुणिले १३.५ भागिले ६, परत ९००. पट्टा मजेत चालला. फक्त लोखंडी जाळीचं कव्हर त्या मोठ्या पुलीवर बसेना, ते कापून वाढवावं लागलं. (काढून ठेवलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, आणि बरेच लोक तेच करतात. तसं करू नका. फिरत्या पट्ट्यात धोतर, पदर, हात गेल्याच्या गोष्टी आपल्या प्रत्येक गावात आहेत. मळणी यंत्रासारख्या मशिनींसाठी १९८३ साली देशात धोकादायक यंत्रांचा कायदाच करावा लागला.)

आणि मामांचे कट्टे? ड्रम हळू झाल्यावर दिवसाला निघणारे कट्टे कमी झाले. शेवटी बाबांनी बियाण्याच्या रानासाठी कट्ट्यामागं दहा रुपये जास्त द्यायचं कबूल केलं. बाकीच्या मळणीला मामा जुन्या पुल्या लावायचे. पुढच्या उन्हाळ्यात गोणपाटाची चाचणी केली, १०० पैकी ७८.

आता व्याख्या

ही सगळी भानगड म्हणजेच मेकॅनिकल इंजिनिअरिंग. ऊर्जा, बल आणि धातू यांच्याकडून ठरवलेलं काम, ठरवलेल्या खर्चात, कुणाचा हात न जाता करून घेणं. एक गोष्ट बदलली की दुसरी हलते, हे त्यातलं सगळ्यात अवघड.

तीन वर्षं डिप्लोमाला किंवा चार वर्षं डिग्रीला जे विषय असतात, ते सगळे त्या हडंब्यात आहेत. फेऱ्यांचं, पट्ट्याचं, गिअरचं गणित 'थिअरी ऑफ मशीन्स'मध्ये येतं. ओलं पीक अडकलं की शाफ्टला पीळ बसतो, तो मोडेल का, हे 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' सांगतं. शाफ्टची पीळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनानं वाढते. ४० मिलिमीटरचा शाफ्ट ५० चा केला तर लोखंड दीडपटच्या थोडं वर लागतं, पण ताकद जवळपास दुप्पट होते. हे माहीत नसलेला फॅब्रिकेशनवाला अंदाजानं जाड लोखंड घालतो आणि गिऱ्हाइकाकडून वजनाचे पैसे घेतो.

पंखा आणि गुळी म्हणजे 'फ्लुइड मेकॅनिक्स'. वाऱ्याचा वेग असा हवा की गुळी उडाली पाहिजे आणि दाणा पडला पाहिजे. पंख्याचे फेरे वाढवले की हवा त्याच प्रमाणात वाढते, पण लागणारी ताकद घनानं वाढते. फेरे सव्वापट केले तर ताकद जवळपास दुप्पट. म्हणून 'अजून थोडं फास्ट करा' हे वाक्य डिझेलच्या बाबतीत फार महागडं असतं. ट्रॅक्टरचं इंजिन 'थर्मल'मध्ये. डिझेलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग कामाला येतो, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून गरम हवा होऊन जाते. ड्रमच्या खुंट्या किती दिवसांत झिजतील, त्यांना पाणी कसं द्यायचं, हे 'मटेरियल्स'. आणि बेअरिंग शाफ्टवर किती घट्ट बसावं, हे मोजमापाचं शास्त्र.

या शेवटच्या विषयाला पोरं हलक्यात घेतात, म्हणून दोन शब्द. माझी पहिली नोकरी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, क्वालिटीला होती. पगार महिना ५,५०० रुपये, तोही कंत्राटावर. पहिल्या आठवड्यात मला मायक्रोमीटर हातात दिला आणि ०.०२ मिलिमीटरच्या आतला-बाहेरचा पार्ट वेगळा करायला बसवला. माणसाचा केस ०.०७ मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या फरकावर पार्ट भंगारात. गावाकडं 'थोडं हातोडीनं बसव' ऐकत मोठा झालेलो मी. डोकं ताळ्यावर यायला तीन महिने लागले.

पुस्तकाबाहेरची दोन उदाहरणं

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. बातमी दुष्काळाची होती, पण त्यामागं मेकॅनिकलचं काम किती होतं बघा. टँकर वॅगन आधी राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेनं आतून धुतल्या. पहिल्या गाडीला १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर. एका वॅगनमध्ये ५० हजार लिटर म्हणजे ५० टन पाणी. एवढं पाणी अर्धं भरलेलं असेल तर ब्रेक मारल्यावर ते पुढं उसळतं, त्याचा धक्का वेगळा. वॅगन किती वेळात भरायची त्यावर पंप आणि पाइपचा व्यास ठरतो. पाइपचा व्यास अर्धा केला तर तेवढंच पाणी न्यायला वेग चौपट करावा लागतो आणि घर्षणात जाणारी ताकद कितीतरी पटीनं वाढते. बोअरला स्वस्तातला बारीक पाइप टाकून मोटर बदलत बसणारे शेतकरी मी रोज बघतो. मोटर बिचारी निर्दोष असते.

दुसरं उदाहरण हरंगुळचा रेल्वे डबा कारखाना. मराठवाडा रेल कोच फॅक्टरीत पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला तयार झाला. पुढं २०२३ मध्ये वंदे भारत स्लीपरच्या १२० गाड्यांसाठी भारत-रशिया भागीदारीतल्या कंपनीशी करार झाला, आणि त्यांच्यासाठी लातूरचा कारखाना ठरला. गावात लगेच चर्चा, 'आता आपल्या पोरांना नोकऱ्या'. मी जरा थंड पाणी ओततो. अशा कारखान्याला वेल्डर लागतात, पण पातळ स्टेनलेस स्टील वाकडं होऊ न देता जोडणारे. फिटर लागतात, पण ड्रॉइंग वाचणारे. डिग्री हातात असून ड्रॉइंगवरची टॉलरन्स न कळणारा पोरगा गेटवरून परत येतो आणि बाहेरचा आयटीआयवाला आत जातो. हे मी दुसऱ्या कारखान्यांत पुष्कळदा पाहिलंय.

तसं हे आपल्या राज्यात नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बेळगावला सायकलचं दुकान काढलं, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, आणि शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन नासते असा समज. पुढं १९१० ला कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या नांगराचं गिऱ्हाईक शेतकरीच होतं. आपला मेकॅनिकल उद्योग शेतातूनच वर आलाय, हे मला नेहमी आठवावंसं वाटतं.

मग कुठं जायचं: आयटीआय, डिप्लोमा की डिग्री?

काकांचा खरा प्रश्न हा होता. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे, फी अगदी कमी, हात चालायला लागतो. नंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा दहावीच्या मार्कांवर, तीन वर्षांचा. लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडलाही शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिग्रीचा दुसरा रस्ता बारावी सायन्स आणि सीईटीचा. आपल्या भागात नांदेडचं श्री गुरू गोबिंद सिंहजी संस्थेचं कॉलेज १९८१ पासून आहे, लातूरला बिडवे कॉलेज आहे.

माझं मत विचाराल तर खेड्यातल्या, घरी पैसा बेताचा असलेल्या पोरानं डिप्लोमाच घ्यावा. अकरावी-बारावीच्या क्लासचा खर्च वाचतो आणि तीन वर्षांनी एक कागद हातात असतो. पुढं शिकायचं की कमवायचं, ते तेव्हा ठरवता येतं. उलट, ज्याला गणित मनापासून आवडतं आणि संशोधनात, डिझाइनमध्ये जायचंय, त्यानं बारावीचा रस्ता धरावा, तिथं पाया पक्का होतो.

खाजगी कॉलेज निवडताना इमारत बघू नका, वर्कशॉप बघा. लेथवर ताजा बुरा पडलाय का? सीएनसी मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि वर धूळ असेल तर ती मशीन तपासणीच्या दिवशीच चालू होते असं समजा. मी एका ठिकाणी सहा लेथ बघितले, त्यातल्या चारांचे पट्टेच नव्हते.

आता स्कोप. पगाराच्या बाबतीत खोटं बोलणार नाही. पहिली तीन-चार वर्षं मेकॅनिकलवाल्याला कॉम्प्युटरवाल्यापेक्षा बहुतेक वेळा कमीच मिळतं. शिफ्ट असते, उकाडा असतो, चाकण, वाळूजला एका खोलीत चारजण राहावं लागतं. माझी तीन वर्षं कंत्राटात गेली, दर अकरा महिन्यांनी ब्रेक. ज्याला लवकर पैसा हवाय त्यानं हे आधी ऐकून घ्यावं. अप्रेंटिसशिप मात्र सोडू नका. १९६१ च्या कायद्यानं ती मिळते, स्टायपेंड कमी असला तरी मशीन जवळून बघायला मिळतं.

'इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता मेकॅनिकल संपलं' हे अर्धवट ऐकलेलं आहे. इंजिन, क्लच, सायलेन्सर यांची कामं कमी होतील, खरं आहे. नुसतं इंजिनचे पार्ट करणाऱ्या छोट्या शॉपला त्याचा फटका बसेल. पण बॅटरी तापते, ती थंड ठेवायची कशी, हे थर्मलचं काम. बॅटरीचं वजन पेलणारी चासी, सस्पेन्शन, ब्रेक, मोटरची बेअरिंग, सगळं आपलंच. फक्त आता हातात पान्याबरोबर कॅडचं सॉफ्टवेअर आणि थोडं कोडिंग पाहिजे. मी ते तिशीनंतर शिकलो, त्रास झाला. तुम्ही विशीच्या आत शिका.

काम म्हणजे नुसतं गाड्यांचे कारखाने, असंही नाही. लातूरच्या डाळ मिला, तेलगिरण्या, आजूबाजूचे साखर कारखाने घ्या. गाळप हंगामात मिलचा रोलर बंद पडला की तासाचं नुकसान लाखांत जातं आणि रात्री दोनला फोन येतो. बेअरिंगच्या आवाजावरून ते अजून किती दिवस चालेल हे सांगणारा माणूस तिथं मॅनेजरपेक्षा जास्त मानानं वागवला जातो. निदान ती रात्र तरी.

काका शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे, पण आमच्या पोराला जमंल का, ते सांग."

ते मी कसं सांगणार? पोराला म्हटलं, गावात अजून हडंबे आहेत. एका मशीनच्या सगळ्या पुल्यांचे व्यास मोजून आण आणि ड्रम किती फेऱ्यांनी फिरतो ते काढून दाखव. पुढच्या शनिवारी तो वही घेऊन आला. ड्रमच्या पुलीपुढं त्यानं ४२.५ इंच लिहिलं होतं. मला वाटलं चुकला. विचारलं तर म्हणाला, "काका, पुली शाफ्टवर बसलेली आहे. मधे शाफ्ट येतोय, टेप सरळ लागत नव्हता. मग काठावरून दोरी गुंडाळली आणि दोरी मोजली." त्या आकड्याखालीच त्यानं ३.१४ नं भागून साडेतेरा काढले होते.

मी काकांना फॉर्म भरायला सांगितलं.